दुसरी तार

पितृपंधरवडा संपत आला असताना रामकुंडावर कमळाबाईंच्या डोक्यावर कावळा बसला. साल १९३१. त्या दिवसांत पिंडांना शिवायला आलेले कावळे पायऱ्यांवर माणसांच्या बरोबरीने वावरतात आणि माणसांना भीत नाहीत. कमळाबाई भरलेली कळशी घेऊन गर्दीतून वर येत होत्या. मागे कोणीतरी पिंड ठेवून हात जोडले, तसा एक कावळा त्यांच्या खांद्यावरून झेपावला, डोक्यावरच्या पदरावर टेकला आणि नखे रुतवून उडाला. पाहणाऱ्या बायकांनी तोंडावर हात घेतला. कमळाबाईंनी कळशी तिथेच ओतली आणि रिकाम्या हाताने तांबट आळीत परत आल्या.

त्यांचे यजमान देवराम तेव्हा हंड्याच्या गळ्याला ठोके देत होते. त्यांच्या कारखान्यात सात-आठ माणसे कामाला होती आणि त्यांचे हंडे पार मालेगावपर्यंत जात. एकुलता एक मुलगा लहानू जर्मनीत ड्रेस्डेन शहरी धातूंचे शास्त्र शिकत होता. आळीतला दुसरा कोणी समुद्रापलीकडे गेला नव्हता.

बातमी ऐकून देवरामांनी हातोडा खाली ठेवला. उपाय सांगितला तो त्यांच्या थोरल्या विधवा बहिणीने, चिमणाबाईंनी. असा कावळा बसला की त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी नातलगांना कळवायची, त्यांनी रडायचे, आणि रडून झाले की खरे सांगायचे. आलेले मरण त्या रडण्यावर भागते, अशी समजूत. नाशिकात आणि आसपासच्या गावांत हे सगळेच करीत, आणि त्याचे कोणाला फारसे काही वाटत नसे.

दिंडोरीला कमळाबाईंची बहीण भागीबाई दिली होती. तिला निरोप गेला. ती दुसऱ्या दिवशी टांग्यातून रडत उतरली, तर बहीण ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली. भागीबाईने तिच्या पाठीत एक धपाटा घातला, डोळे पुसले, आणि जेवून, सुपारी कातरून संध्याकाळी परत गेली. इथेच हे संपायला हवे होते.

पण कमळाबाईंना रात्रीतून ताप भरला. चिमणाबाई म्हणाल्या, बहिणीचे रडणे पुरले नाही. जो पोटचा आहे त्याने रडायला हवे.

देवरामांचा या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण बायको अंगावर तीन कांबळी घेऊन कुडकुडत असताना तसे म्हणायची हिंमतही नव्हती. ते तारऑफिसात गेले.

तारमास्तर नुकतेच बदलून आले होते. तरुण होते, पुण्याकडचे. देवरामांना इंग्रजी येत नव्हते, त्यामुळे मजकूर तोंडाने सांगावा लागला. मुलाचे नाव आणि पत्ता सांगून झाला. पुढे काय लिहू, असे मास्तरांनी विचारले.

देवराम म्हणाले, "आई वारली."

मास्तरांनी लिहिले. मग पेन्सिल ठेवून ते खुर्चीतून उठले आणि खिडकीच्या पलीकडे उभे राहून त्यांनी दोन्ही हात जोडले. मागे रांगेत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने पागोटे काढले. ही कावळ्याची तार आहे, एवढे एक वाक्य त्या वेळी बोलले असते तर पुरले असते. देवरामांनीही हात जोडले आणि ते खाली मान घालून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी कमळाबाईंचा ताप उतरला. रिवाजाप्रमाणे त्याच दिवशी दुसरी तार जायला हवी होती. देवराम अंगरखा घालून निघाले, वाटेत तारऑफिसची खिडकी दिसली, खिडकीत तेच मास्तर दिसले, आणि ते तसेच पुढे निघून गेले. घरी येऊन त्यांनी लहानूला पत्र लिहिले: कावळा, आत्याचा हट्ट, आईला आलेला ताप, आई सुखरूप. पत्र बोटीच्या टपालाने गेले. घरी विचारले तेव्हा देवरामांनी सांगितले की कळवले.

बोटीच्या टपालाला तीन आठवडे लागत.

लहानू हा बेफिकीर मुलगा नव्हता. परदेशी विद्यार्थ्याला तिथे काय काय सांभाळावे लागते, हे त्याने पहिल्याच पत्रात तपशिलाने लिहिले होते. खोली बदलली की पोलिसात जाऊन नवा पत्ता द्यायचा. दर वर्षी शरदात राहण्याचा परवाना नवा करून घ्यायचा, तोही ठरवून दिलेल्या तारखेलाच, आणि त्या वेळी कॉलेजात नाव चालू असल्याची चिठ्ठी दाखवायची. यात चूक झाली तर हद्दीबाहेर जावे लागते. देवराम हे पत्र लोकांना वाचून दाखवीत. आमच्या पोराला खोलीची खिडकी बदलली तरी सरकारला सांगावं लागतं, असे ते थोडे वाढवून सांगत, आणि ऐकणारे माना डोलवत.

दोन वर्षे लहानूने एकही तारीख चुकवली नव्हती. तार मिळाली तेव्हा परवान्याची तारीख चार दिवसांवर होती आणि तिचा कागद त्याच्या पलंगाच्या वर टाचणीने लावलेला होता.

त्याने न्हाव्याकडे जाऊन डोके आणि मिशी उतरवली. घरमालकिणीला सांगून खोलीतली गादी काढून टाकली आणि जमिनीवर निजला. सुतकात कोणाकडे जायचे नाही, कोणाला नमस्कार करायचा नाही, एवढे त्याला माहीत होते. बाकीचे त्याने आठवून आठवून केले. परवान्याचा कागद डोळ्यांसमोर होता. आईच्या दहा दिवसांत कचेरीत जाऊन, खुर्चीवर बसून, सह्या करायच्या हे त्याच्याने होईना. तो गेला नाही. कॉलेजात नाव घालायची मुदतही त्याच दिवसांत टळली.

अकराव्या दिवशी तो पोलिसांच्या कचेरीत गेला. अधिकाऱ्याने परवाना पाहिला आणि तो संपला असल्याचे सांगितले. मग त्याने पासपोर्टावरचा केसांचा आणि मिशीचा फोटो पाहिला आणि समोरचे तुळतुळीत डोके पाहिले. लहानूने कारण सांगितले. अधिकारी खुर्चीतून उठून उभा राहिला.

कायद्याने तो फारसे काही करू शकत नव्हता, पण त्याने सवलत दिली. आईच्या मृत्यूचा दाखला मॅजिस्ट्रेटच्या शिक्क्यानिशी आणि ब्रिटिश वकिलातीमार्फत महिनाभरात आला, तर गैरहजेरी माफ होईल, परवाना मिळेल आणि कॉलेजही नाव घालून घेईल. नाहीतर देश सोडावा लागेल. शेवटचे वर्ष होते. एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत येणे होईल असे नव्हते.

लहानूने बापाला तार केली: आईच्या मृत्यूचा दाखला तातडीने पाठवा, त्याशिवाय इथे राहता येणार नाही.

देवरामांनी ती तार आणणाऱ्या शिपायाकडून वाचून घेतली आणि कमळाबाईंना सांगितली. आपले पत्र आता पोचेल, मग लहानू त्यांना खरे सांगेल आणि हे मिटेल, असे ते म्हणाले. तेव्हा कमळाबाईंना कळले की दुसरी तार गेलीच नव्हती. पोर दहा दिवस आपल्या नावाने जमिनीवर निजले हे त्यांनी न सांगता ओळखले. त्या उठून आत गेल्या, आणि त्या दिवशी देवरामांना जेवायला चिमणाबाईंनी वाढले.

पुढच्याच आठवड्यात लहानूची दुसरी तार आली. तिच्यात एवढेच होते: पत्र मिळालं. तरीही दाखला पाठवा.

तार वाचणाऱ्या तिऱ्हाइताला काही कळू नये अशा बेताने ते शब्द निवडलेले होते. देवरामांनी ती दोनदा वाचून घेतली. हे शहाणपण मुलाने कोणाकडून घेतले ते त्यांना दिसत होते. आई जिवंत आहे हे कळल्यावरही त्या अधिकाऱ्यासमोर जाऊन ते सांगायची लहानूला लाज वाटत होती. बाप एका खिडकीपुढे जे करू शकला नव्हता, ते मुलगा दुसऱ्या खिडकीपुढे करू शकत नव्हता.

खोटा दाखला मिळवणे अवघड नव्हते. मृत्यूची नोंद करताना घरच्या कर्त्याने येऊन सांगायचे आणि कारकुनाने लिहून घ्यायचे, अशीच तेव्हा रीत होती. देवरामांच्या शब्दावर कोणी शंका घेतली नसती. चिमणाबाईंनी मात्र हात टेकले. तोंडाने सांगितलेले रडण्यावर भागते, सरकारी शाईने लिहिलेले कशावर भागणार, असे त्या म्हणत राहिल्या.

कमळाबाई चुलीपुढून म्हणाल्या, "जा, लिहून आणा. एकदा मारलंच आहे मला. पोराचं वर्ष तरी वाचू द्या."

"असं बोलू नको."

"मग कसं बोलू?"

देवराम निघाले. दाखल्यावर मॅजिस्ट्रेटचा शिक्का लागणार होता, म्हणून ते आधी इसाकशेठकडे गेले. इसाकशेठ तांब्याच्या पत्र्याचे व्यापारी होते आणि सरकारने त्यांना ऑनररी मॅजिस्ट्रेट नेमले होते. देवराम वर्षानुवर्षे त्यांच्याकडूनच पत्रा घेत. लहानूच्या पासपोर्टाच्या वेळी, हा मुलगा आपल्या ओळखीचा आहे आणि याचे बोलणे विश्वासाचे आहे, अशी सही इसाकशेठनीच केली होती.

ते गादीवर बसून पत्र्याच्या गुंडाळ्या मोजून घेत होते. वहिनी काल बाजारात दिसल्या, आमच्या बेगमशी बोलत होत्या, आता तब्येत बरी दिसते, असे त्यांनी आपणहून म्हटले. त्यामुळे देवरामांना खोट्यापासून सुरुवात करताच आली नाही. त्यांनी सगळे सांगितले. सांगताना ते इसाकशेठकडे न पाहता पत्र्याच्या गुंडाळीकडे पाहत होते, आणि सांगून झाल्यावर दाखल्यावर शिक्का मागितला.

इसाकशेठनी माणसांना बाहेर पाठवले. 

"देवरामभाऊ, कावळ्याचं मी काही म्हणत नाही. आमच्यातही बायका काय काय करतात. पण पोरगं खरं बोलतं असं मी लिहून दिलंय. आता त्याच सहीखाली हे कसं लिहू?"

"मग तो परत येईल. सगळं सोडून."

"येईल कदाचित. मी खरं काय झालं ते लिहून देतो. शिक्क्यासकट. बघू ते काय म्हणतात."

देवराम म्हणाले की खरे लिहिले तर तो अधिकारी हसेल. इसाकशेठ म्हणाले, हसू दे, हसण्याने परवाना रद्द होतो असे कायद्यात असल्याचे आपल्याला माहीत नाही.

मग प्रतिज्ञापत्र लिहायला बसले. इसाकशेठ इंग्रजीत लिहीत आणि एकेक ओळ मराठीत सांगत. माझी बायको जिवंत आहे. ती मेली अशी तार मी जाणूनबुजून केली. मुलाने ती खरी मानून सुतक पाळले. खरे कळवायला मी उशीर केला. यात मुलाचा काही दोष नाही.

'जाणूनबुजून' हा शब्द काढता येईल का, असे देवरामांनी विचारले. तो काढला तर दोष पोराकडे जातो, असे इसाकशेठ म्हणाले. शब्द राहिला.

कावळ्याशी येऊन देवराम पुन्हा अडले. "कावळा नको. काही धार्मिक कारणामुळे, एवढंच लिहा."

"कोणतं कारण, असं तो विचारेल. तेव्हा तिथे कोण उभं असेल? तुम्ही नाही. लहानू."

कावळाही राहिला.

कमळाबाई जिवंत आहेत हे मॅजिस्ट्रेटने समक्ष पाहिल्याचे नमूद करायचे होते, म्हणून त्यांना बोलावणे गेले. त्या डोक्यावरून पदर घेऊन आल्या आणि दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. रस्त्यावरचे दोघे-तिघे थबकले. इसाकशेठनी त्यांचे नाव विचारले, नवऱ्याचे नाव विचारले, आणि कागद पुढे केला. त्यांनी शाईत अंगठा बुडवला.

"मेले म्हणून सांगितलंत तेव्हा कोणी अंगठा मागितला नाही," त्या देवरामांना म्हणाल्या, आणि बोट पदराला न पुसता तशाच घरी गेल्या.

कागद बोटीने जाणार आणि तेवढ्यात मुदत संपणार. म्हणून वकिलातीला आजच तार करायला हवी होती, की खरी हकीकत अशी आहे, सहीशिक्क्याचा कागद निघाला आहे, तोवर मुलाला थांबू द्या. इसाकशेठ म्हणाले, मजकूर लिहून देतो, माझा माणूस नेऊन देईल. देवरामांनी तो कागद हातात घेतला, पुन्हा गादीवर ठेवला आणि आपणच जाऊन सांगू असे म्हणाले.

खिडकीत तेच मास्तर होते. देवरामांना पाहताच त्यांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी कोरा कागद ओढून पेन्सिल घेतली. देवरामांनी वकिलातीचे नाव सांगितले, शहराचे सांगितले, आणि मजकूर सुरू केला.

"माझी बायको जिवंत आहे."

पेन्सिल थांबली. मागे रांगेत माणसे होती. मास्तरांनी खिडकीतून थोडे पुढे वाकून हळू विचारले, "कावळा?"

देवरामांनी मान हलवली.

"मग दुसऱ्या दिवशी का नाही आलात, काका? लोक येतात, हे मला नंतर कळलं. सकाळी गेलेली माणसं संध्याकाळी परत आलेली मीच इथे लिहिलीत. तुम्ही आला नाहीत म्हणून मला वाटलं, काकू खरंच गेल्या."

"तुम्ही उठून उभे राहिलात," देवराम म्हणाले.

मास्तरांना ते लगेच कळले नाही. कळले तेव्हा त्यांनी खाली पाहिले. नंतर ते एका शब्दानेही मधे न बोलता सगळा मजकूर लिहून घेत गेले, कावळ्यासकट, आणि शेवटी त्यांनी तो वाचून दाखवला, नेहमीपेक्षा हळू आवाजात, म्हणजे मागच्यांना ऐकू जाऊ नये. देवरामांना ते समजले. हात जोडलेले पाहिले होते तेव्हापेक्षा त्यांना आता अधिक लाज वाटली.

वकिलातीने लहानूला बोलावून तार दाखवली. त्यानंतर लपवण्यासारखे काही उरले नाही. कागद आल्यावर तो त्याच अधिकाऱ्यापुढे उभा राहिला आणि भाषांतर करणारा माणूस वाचत असताना शेवटपर्यंत उभाच राहिला. अधिकारी हसला नाही. कावळा म्हणजे खराच पक्षी का, एवढे त्याने विचारले. परवाना मिळाला, पण वर्षाऐवजी तीन महिन्यांचा, आणि दर तीन महिन्यांनी येऊन नवा करून घ्यायच्या अटीवर. कॉलेजने नाव घालून घेतले.

हे सारे लहानूने पत्रात कळवले. आधीची पत्रे 'तीर्थरूप दादांस' अशी सुरू होत. हे 'तीर्थरूप आईस' असे होते आणि पुढचीही तशीच आली. कमळाबाईंना वाचता येत नसे, त्यामुळे ती वाचायची देवरामांनाच. दादांना नमस्कार हे शेवटच्या ओळीत असे, तेही त्यांनाच मोठ्याने वाचावे लागे.

उन्हाळ्यात आलेले पत्र वाचताना ते मधेच थांबले आणि एक ओळ सोडून पुढे गेले. कमळाबाई शेवया वळत होत्या. त्यांनी हात थांबवला.

"सोडलंत काहीतरी. वाचा."

देवरामांनी वाचले. दर तीन महिन्यांनी परवान्याला गेलो की तो साहेब शिक्का मारायच्या आधी विचारतो, आई कशा आहेत? चांगल्या मनाने विचारतो की थट्टेने ते मला अजून कळलेलं नाही. मला मान वर करवत नाही. कागद घेऊन मी तसाच बाहेर पडतो.

कमळाबाईंनी वळलेली शेवई काठीवर टाकली.

"त्याला लिहा, खाली बघू नकोस म्हणावं. बरी आहे म्हणून सांग. आणि त्याला विचार, तुमच्या आई कशा आहेत. त्यालाही असेल की आई."

देवरामांनी तसेच शब्द लिहिले. स्वतःसाठी त्यांनी खाली दोन ओळींची जागा सोडली होती. चूक माझी होती, तुला उभं राहावं लागलं, एवढे त्यांनी तिथे लिहिले आणि पत्र बंद केले.

ते टाकायला ते स्वतः गेले. पेटी तारऑफिसच्या भिंतीलाच होती. मास्तर खिडकीत होते. देवरामांना पाहून ते खुर्चीतून अर्धवट उठले, काहीतरी आठवल्यासारखे झाले आणि पुन्हा बसले. या वेळी नमस्कार देवरामांनी आधी केला.